घागरीवरचं नाव

मालनबाईंनी तांब्याच्या घागरीला चिंच चोळली. अंगठा गळ्याजवळच्या कोरीव अक्षरांवर आला तसा हात हलका केला.

"इथं जपून घासायचं," त्या नातसुनेला म्हणाल्या. "नाव आहे माझं. जावा नुसत्या बघत राहिल्या. सासूबाईंनी नाव घातलं ते एकाच सुनेचं."

भाग्यलक्ष्मी, नातू रितेशची नवी बायको, ओट्याशी डबे पुसत होती. विद्यानगरच्या या स्वयंपाकघरात चमचा हलवायचा तरी मालनबाईंना विचारावं लागे. पाटा, मांडणी, फळीवरचे पितळी डबे, सगळ्यांची काही ना काही हकीकत होती आणि ती सांगायचा हक्क फक्त त्यांचा. घागरीची जागा मांडणीच्या वर, दारातून शिरणाऱ्याला आधी दिसेल अशी. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. घागरीची हकीकत ऐकल्यावाचून त्यांची सुटका नव्हती.

"तेलुगूत आहे?" भाग्यलक्ष्मी वाकली.

"मग! बेगमबाजारातला कोरणारा, त्याला आपली अक्षरं कुठली यायला? माझी शाळा दुसरीत सुटली, मला मराठीच कशीबशी लागते. तू तेलुगूत शिकलीस ना? वाच बघू मोठ्यानं."

पोरीनं ओढणीनं अक्षरं कोरडी केली. वाचली. परत वाचली.

"आजी, त्रिवेणी लिहिलंय."

त्रिवेणी मालनबाईंची नणंद.

"उजेडात धर. नीट वाच."

"त्रिवेणीच आहे, आजी."

मालनबाई ओल्या हातांनीच घागर कमरेवर घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. लेक विकास बाहेर निघाला होता.

"विकास, शाळेत तुला तेलुगू होतं ना रे?"

"हौ, होतं की."

"मग ह्याच्यावर काय लिहिलंय?"

त्यानं घागरीकडं पाहिलंसुद्धा नाही. चपलेचा पट्टा ओढत म्हणाला, "आई, जाऊ दे ना. जुनं झालं आता ते."

मालनबाई नवऱ्याकडं वळल्या. हणमंतरावांनी पेपर तोंडापुढं धरला होता. रोजच्यासारखाच, तेलुगू.

"त्रिवेणीच्या लग्नात दिली होती," पेपराआडून आवाज आला. "तिच्या सासरच्यांनी हलकी म्हणून परत पाठवली. आईनं तुला दिली, वर तुझंच नाव आहे म्हणून सांगितलं. तू इतकी खूश झालीस, मग काय बोलायचं?"

"आणि दर संक्रांतीला मी बायकांपुढं मिरवत बसायची, तेव्हा तुम्ही बापलेक इथं बसून ऐकत होता."

विकासनं दार उघडलं, पण गेला नाही.

मालनबाई आत आल्या. घागर खालीच ठेवली, कोपऱ्यात. मग फळीवरून पितळी डबा काढला, झाकण पुसलं आणि भाग्यलक्ष्मीपुढं धरलं.

"हा विकासच्या बारशाचा. वाच."

"विकासच लिहिलंय, आजी."

त्यांनी डबा ठेवला. काठावर अक्षरं कोरलेलं ताट काढलं. माहेरचं म्हणून आजवर कुणाला त्यात जेवू दिलं नव्हतं.

"हे?"

भाग्यलक्ष्मीनं ताटाला हात लावला नाही. दारात हणमंतराव येऊन उभे होते.

"अगं, बास आता. बायका यायची वेळ झाली."

"तुम्ही मध्ये बोलू नका," ताट खिडकीकडं फिरवत, त्यांच्याकडं न बघता मालनबाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठं वाचता येतं?"