माद्लेनबाईंच्या टोपाचा ठोकळा

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. माणसाच्या डोक्याएवढा, पण नाक-डोळे नसलेला. केसांचा टोप काढला की माझ्यावर ठेवतात, म्हणजे त्याचा आकार बिघडत नाही. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. ज्यांना खरं डोकं आहे, त्यांचं बरं झालेलं मला सोसत नाही.

अठराव्या शतकात पॅरिसच्या एका सुताराने मला माद्लेनबाईंसाठी घडवलं. बाई मोठ्या सरदार घराण्यातल्या. लहानपणी जोगिणींच्या मठात शिकल्या, सोळाव्या वर्षी चाळिशीच्या सरदाराशी लग्न झालं आणि बाविसाव्या वर्षी देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि केस गेले. मग हातभर उंच, पावडर लावलेला टोप आला. तो घालून बाई राजवाड्यात नाचायच्या, पत्ते खेळायच्या आणि लोक म्हणायचे, काय केस आहेत! मी इकडे कपाटात बोडका. रात्री टोप माझ्याकडे यायचा, तेव्हा कौतुक करायला कोणी नसायचं. बाईही कमी जळक्या नव्हत्या हं. त्यांच्या धाकट्या जावेला स्वतःचे गुडघ्यापर्यंत केस होते. तिचं नुसतं नाव निघालं तरी बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणूनच आमचं दोघांचं जमायचं.

पुढे क्रांती झाली. सरदारांना धरायला माणसं दारात आली. बाईंनी टोप काढून माझ्यावर ठेवला, धोबिणीचे कपडे चढवले आणि बोडक्या डोक्याने त्यांच्यासमोरून निघून गेल्या. वणांच्या, टक्कल पडलेल्या बाईकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जावेला मात्र केसांवरून लगेच ओळखलं आणि नेलं. बाई सुटल्या, पण मला न्यायला परत आल्या नाहीत.

त्यानंतर मी किती हातांतून गेलो, ते सोडा. शेवटी बोटीतून न्यूझीलंडला आलो. २००६ साली तिथल्या रिकार्टन भागातल्या रविवारच्या बाजारात विश्वनाथरावांनी मला बायकोसाठी घेतलं. कल्याणीताई फार्मसिस्ट. कॅन्सरच्या औषधांनी त्यांचे केस गेले होते. मराठी मी त्यांच्याच घरी शिकलो.

विग घालून ताई कामावर जायच्या, बाकी कुठेही नाही. पूर्वी दर शनिवारी त्या लेकीला, संपदाला, पोहायला पूलवर न्यायच्या. संपदा खोल पाण्याला घाबरायची, आई शेजारी असेल तरच उतरायची. पण पाण्यात विग चालत नाही, आणि पूलवर ओळखीची मराठी मंडळी असायची. उपचार संपले, डॉक्टरांनी परवानगी दिली, बोटभर केसही आले, तरी ताई दर शनिवारी नवी सबब सांगायच्या. संपदाचं पोहणं सुटलं ते सुटलंच. खरं सांगू? मला बरं वाटायचं. केस वाढले की माझं काम संपणार होतं. ते बोटभर केस मला नकोसे व्हायचे.

एका शनिवारी सकाळी संपदा टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे घालून, टॉवेल घेऊन खोलीत आली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिशमध्ये.

"आई, आय डोन्ट केअर अबाउट युअर हेअर," ती म्हणाली. "आय जस्ट वॉन्ट टू स्विम विथ यू."

ताई आरशासमोर बसल्या. मग त्यांनी विग काढला आणि भर सकाळी माझ्यावर ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "पण माझा हात सोडू नकोस."

माझी तर पाचावर धारण बसली. अशीच एक बाई टोप ठेवून गेली होती.

दुपारी दोघी परत आल्या. संपदा खोल पाण्यात जाऊन आली होती. ती आईचं डोकं टॉवेलने खसाखसा पुसत होती आणि ताई डोळे मिटून हसत होत्या. त्या दिवशी टोप दिवसभर माझ्याकडे होता, खिडकीतल्या उन्हात. आयुष्यभर मला हेच हवं होतं. तरी त्या ओल्या डोक्याचा मला जितका हेवा वाटला, तितका राजवाड्यातल्या कुठल्याच डोक्याचा वाटला नव्हता.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू दे. पण तुमच्या घरात आजारपणात कुणाचे केस गेले असतील, तर त्या डोक्यावरून हात फिरवा. माझ्या टोपावरून पुष्कळांनी फिरवला. माझ्यावरून दोनशे वर्षांत कोणीही फिरवला नाही.