गिलाव्याचा तुकडा

विनयाच्या पर्समध्ये त्या दिवशी दोन वस्तू होत्या. एक, वर्तमानपत्रात गुंडाळलेला गिलाव्याचा तुकडा, चांगला भाकरीएवढा. दुसरी, तिच्या स्वतःच्या बदलीचा अर्ज.

तुकडा तिच्या वर्गाच्या छतातून पडला होता. जयपूरच्या वेशीवरची सरकारी शाळा, चौथीची त्रेचाळीस पोरं, आणि नेमकी खाली बसलेली सुगना. बिचारीचा खांदा निखळला. वीतभर अलीकडे पडला असता तर? 

म्हणून तर शिक्षक संघाचे सहा जण सी-स्कीम भागातल्या आमदारांच्या बंगल्यावर आले होते. बजेट मांडायच्या आत शाळा-दुरुस्तीच्या निधीसाठी आमदारांनी सभागृहात भांडावं, एवढीच मागणी. पुढारी गोरधनजी, संघाचे अध्यक्ष आणि विनयाच्याच शाळेचे मुख्याध्यापक. "आधी साहेबांना साफा बांधायचा, मग फोटो, मग निवेदन," हातातला गुलाबी साफा सांभाळत ते तिसऱ्यांदा म्हणाले. पोरांच्या डोक्यावर छत पडतंय आणि ह्यांना साफ्याची पडलीय!

आता त्या अर्जाचं. इकडे शिक्षकाला बदली हवी तर आमदाराची शिफारस लागते. तिला सगळे 'डिझायर' म्हणतात. विनयाचा नवरा सतीश विमा कंपनीत अधिकारी. तो महिनाभर मागे लागला होता. "अगं, वैशाली नगरची शाळा घरापासून दहा मिनिटांवर. दोन-दोन बस बदलत किती वर्षं मरणार आहेस? जातेच आहेस तर देऊन टाक. सगळेच देतात."

कंबर तर खरंच कामातून गेली होती. अंगणात ताटकळताना तिनं कोणी बघत नाहीसं पाहून अर्ज आमदारांच्या पीएकडे सरकवला. बाकीचे पाचही अधूनमधून उठून जात होते. कोणाला पाणी हवं होतं, कोणाला फोन आला होता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन तासांनी आत बोलावणं आलं. साफा बांधून झाला, फोटो झाला. गोरधनजींनी निवेदन वाचलं. आमदार फोनवर बोट फिरवत ऐकत होते.

"मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "पण निधीची ओढाताण तुम्ही जाणताच."

झालं! विनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुडकं सोडून तिनं तुकडा धाडकन टेबलावर ठेवला. "हा माझ्या वर्गातल्या पोरीच्या खांद्यावर पडला साहेब. कोणाचा जीव गेल्यावर निधी निघणार आहे का?"

आमदार चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पीएला खूण केली आणि त्यानं आणलेले कागद पत्त्यांसारखे मांडले.

"छतासाठी सहा जणांत मिळून एक कागद," ते हसून म्हणाले. "बदलीसाठी मात्र प्रत्येकाचा वेगळा. गोरधनजींना राजा पार्कची शाळा हवीय. आणि मॅडम, हा तुमचा. त्या पोरीला त्याच छताखाली सोडून तुम्ही वैशाली नगरला निघालात होय?"

कोणी पंख्याकडे बघतंय, कोणी चपलांकडे. विनयाला त्या हसऱ्या माणसाचा संताप आला, ह्या पाच मुखदुर्बळांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण तो खोटं बोलला नव्हता.

तिनं आपला अर्ज उचलला आणि टराटरा फाडला. "हा गेला. आता छताचं बोला."

गोरधनजी तिच्या कानाशी पुटपुटले, "विनयाजी, असं तोडून नसतं बोलायचं."

"तुम्हीही उचला ना तुमचे! सगळ्यांनी उचला. बघू मग काय उत्तर देतात ते!"

एकही हात हलला नाही. आमदारांनी पाची अर्ज नीट जुळवले आणि सावकाश, एकेक करून, पाचांवर सही केली. निवेदन पीएकडे गेलं. गिलाव्याचा तुकडा त्यांनी दोन बोटांनी उचलून तिच्या हातात दिला.

घरी पोचायच्या आत संघाच्या ग्रुपवर फोटो आला. खाली गोरधनजींनी लिहिलं होतं, 'अत्यंत सकारात्मक चर्चा.'

"फाडलास?" सतीशनं कपाळाला हात लावला. "एकट्या तुझ्या फाडण्यानं छत होणार आहे का?"

"नाही होणार. पण आता त्या खोलीत पोरं बसणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं निघाली. शाळेत एकच खोली धड होती, नवं छत, नवा पंखा, खिडक्यांना पडदे. मुख्याध्यापकांची. तिनं शिपायाकडून कुलूप उघडवलं, गोरधनजींचं टेबल आणि खुर्ची पोरांच्या मदतीनं ओढत चौथीच्या वर्गात नेली आणि छतातल्या भेगेच्या बरोबर खाली मांडली. वर तो तुकडा ठेवला. मग फळा मुख्याध्यापकांच्या खोलीत आला आणि त्रेचाळीस पोरं तिथल्या पंख्याखाली बसली. गळ्यात हात बांधलेली सुगना पहिल्या रांगेत.

गोरधनजी आले ते दारातच थबकले. "हे काय चालवलंय? मी कुठं बसू?"

विनयानं फळ्यावरून मानही वळवली नाही.

"तुमचं टेबल चौथीच्या वर्गात मांडलंय सर. राजा पार्कची बदली येईपर्यंत तिथंच बसा."