सतरा नंबरच्या कॉलरी

बु तुमिनींना मिळवायची होती ती एक खुर्ची. तपासणीच्या खोलीतली, पाठ टेकता येणारी. इंडोनेशियातल्या उंगारानच्या त्या शिलाई कारखान्यात एकोणीस वर्षं त्या रांगेच्या टोकाला उभ्या होत्या, आणि मुकादमिणीने बसायचं नसतं. जिना नुसता दिसला तरी गुडघे कुरकुरायला लागत. महिनाभर रांगेच्या उत्पादनाचा फलक हिरवा ठेवा, बदलीच्या कागदावर सही करतो, असं मॅनेजर पाक हेंद्रो म्हणाले होते. तिथे बाईंना बु म्हणायचं, ताईला म्बाक आणि साहेबांना पाक.

फलक लाल करायला एकटी लास्मी पुरेशी होती. मशीन नंबर सतरा. नवरा मलेशियाला गेला तो फोनपुरताच उरला, सासरा अंथरुणाला खिळलेला. फलकावरचा आकडा बदलला की तिची सुई भलतीकडेच जाई. तासाला शर्टाच्या अठ्ठेचाळीस कॉलरी हव्यात. तिच्या किती होत, ते तिलाच ठाऊक.

विचारणार कोण? तिथल्या बायका कुणाची कमतरता तिच्या तोंडावर काढत नाहीत. त्यापेक्षा बोटात सुई घुसलेली बरी. म्हणून शेजारच्या सहाजणी, एकमेकींनाही न सांगता, आपापल्या जास्तीच्या कॉलरी तिच्या टोपलीत सरकवू लागल्या. वर सतरा नंबरची चिठ्ठी. नको म्हणणं लास्मीलाही जमेना. बु तुमिनींना सगळं दिसत होतं. पण फलक हिरवा होता, आणि नेमक्या तेवढ्या वेळेला त्या छताचे पंखे मोजत.

तीन आठवड्यांनी पाक हेंद्रो कागद नाचवत आले.

"बु, तुमची सतरा नंबरवाली तासाला सहासष्ट काढते! अख्ख्या कारखान्यात पहिली. फाटकावर फोटो लावू तिचा. आणि तिला जमतं तर बाकीच्यांना काय धाड भरलीये? सोमवारपासून सगळ्यांना साठ."

जेवणाच्या सुट्टीत सहाजणींना कळलं की कॉलरी सरकवणाऱ्या आपण एकट्या नव्हतो. लास्मी डबा घेऊन सगळ्यांच्या शेवटी आली.

"आल्या सत्कारमूर्ती," एंदांग म्हणाली. ती त्या सहांतलीच, आणि रांगेतली सगळ्यात तिखट जीभ तिची. "म्बाक लास्मी, फोटोत हसायचं हं. आम्ही इथे साठ-साठ करत मरतोच आहोत."

मग स्वतःच ओशाळली आणि आपला तळलेला टेंपे, सोयाबीनची वडी, तिच्या डब्यात टाकला. "खा गं. फोटोत गाल तरी दिसू देत."

बु तुमिनींनी हिशेब मांडून पाहिला. खरं सांगावं तर लास्मी घरी, आणि सहाजणींना मेमो. गप्प बसावं तर खुर्ची नक्की. पण तपासणीच्या खोलीला मोठी काच होती आणि तिच्यातून ही रांग सरळ दिसे. खुर्चीतली तेवढी एक गैरसोय.

त्या जिना चढून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"पाक, चूक माझी. नोंदी मी लिहिते. दुसऱ्यांच्या कॉलरी सतरावर चढल्या. सगळ्याजणी अठ्ठेचाळीसच करतात."

"तीन आठवडे चुकत होतात?"

"डोळे, पाक. एक आहे का सात, कळतच नाही हल्ली."

साहेबांनी टेबलावरचा बदलीचा कागद उचलला आणि खणात टाकला. "मग तपासणीच्या खोलीत काय कराल, बु? तिथे तर टाका न् टाका बघावा लागतो."

बाईंच्या हिशेबात नेमकं हेच आलं नव्हतं. दुसरा एखादा आजार सुचला असता तर!

खाली एंदांगने लास्मीला गाठलं. "आज विचारतेच. मग हवं तर राग धर. किती कमी पडतात तुला?"

लास्मीने सुईत दोरा ओवला. "बारा."

"बारा? अगं, आम्ही तीस घालत होतो!"

रांग हसली. फार वेळ नाही, फलक बदलला.

सोमवारी आकडा अठ्ठेचाळीसच होता. सहाजणींच्या वाट्याला लास्मीसाठी तासाला दोन-दोन कॉलरी आल्या. लास्मीचं मशीन राहिलं, फोटो टळला. खुर्ची चौथ्या रांगेच्या बु रेत्नोंना मिळाली. कारखान्याने बु तुमिनींना फुकट चष्मा दिला. तो लावला की चांगलं दिसणारंही पुसट होई. बाकी सगळी किंमत त्यांच्या गुडघ्यांनी मोजली.