हाय मी गं हाय

वरकुट्याहून इंदापूरचा बाजार चार कोस. रविवारी उजाडायच्या आत माळवं बाजारात टेकलं तर त्याला तजेला, नाहीतर उन्हानं मान टाकलेली कोथिंबीर कोण घेणार? म्हणून आम्ही चौघी पहिल्या कोंबड्याला निघायचो. सन चौतीसच्या चैत्रातली ही गोष्ट. माझं लग्न होऊन तीन महिने झालेले. पायातली जोडवी नवी आणि वाटही नवी.

पुढं माझ्या चुलतसासूबाई, मुक्ताबाई. मग कुशाबाई, मग झुंबरबाई आणि शेवटी मी. म्हातारीनं पुढं का चालायचं, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर मुक्ताबाई म्हणाल्या, "सावकाश चालणारं पुढं असावं, रतन. मग कुणी मागं पडत न्हाय."

त्यांचे नियम त्यांच्या काठीसारखेच, साधे आणि ठणठणीत. चाकोरीत पाय टाकायचा नाही, तिथल्या उबदार धुळीत जनावर निजलेलं असतं. सापाचं नाव अंधारात घेत नसत. काठी आपटत चालायचं, त्याला कळू द्यायचं. कंदील घ्यायचा नाही. "कंदिलानं पुढचीला चार पावलं दिसत्यात आन् मागची आंधळी होती."

आणि सगळ्यांत मोठा नियम ओवीचा. चार जणींची चार चरणं. मुक्ताबाई उचलायच्या,

*अंधाराची गं वाट, कशी चालू मी बाई*

कुशाबाईंचा घोगरा आवाज त्यात मिसळायचा,

*माझ्या पायाखाली दिसं काई बी न्हाई*

मग झुंबरबाई,

*मागल्या गं सये, तुझा आवाज दे मला*

आणि सगळ्यांत मागून मी,

*हाय मी गं हाय, चल पुढं सोबतीला.*

शेवटचं चरण आलं की मुक्ताबाई पुढचं पाऊल टाकायच्या. नाही आलं, तर जागच्या जागी थांबायचं, कुणी हलायचं नाही.

त्या पहाटे चांदणं नव्हतं. ओढा ओलांडून आम्ही बाभळीच्या वळणाला आलो आणि मागून घुंगुरमाळा ऐकू आल्या. कांद्याची पोती लादलेली गाडी, जुवाखाली कंदील. मी ओळखलं, दत्तोबा मामंजींची गाडी. मुक्ताबाईंचे मालक, माझे चुलतसासरे. सुनेनं त्यांच्यासमोर डोळा वर करायचा नाही आणि तिचा आवाज त्यांच्या कानी पडायचा नाही, हे मी आईच्या दारातून निघतानाच पदरात बांधून आणलेलं. मी पदर पुढं ओढला आणि डावीकडं चार पावलं सरकून उभी राहिले. कंदील डोळ्यांवरून सरकत गेला आणि मागं दुप्पट काळोख राहिला.

पुढून ओवी आली. एक चरण, दुसरं, तिसरं. माझ्यावर येऊन थांबली.

मी माझं चरण गिळलं. गाडी अजून दहा हातांवर होती.

"रतन?" मुक्ताबाईंची हाक आली.

मी वाटेकडं वळायला पाय उचलला, तर टाचेखालची माती सुटली. एक खडा घरंगळला आणि बऱ्याच वेळानं, खूप खालून, 'डुबुक' असं झालं.

कठडा ढासळलेली विहीर. तिच्याबद्दल मला सांगायचं राहून गेलं होतं, कारण त्या सगळ्यांना ती वाटेइतकीच सवयीची झाली होती. डोक्यावर वांग्यांची पाटी, पायाखाली सरकती माती, पुढं हात केला तर काही लागेना. ओरडावं म्हटलं, तर गळ्यात मामंजी बसलेले.

घुंगुरमाळा थांबल्या.

"काय झालं गं?" मामंजींनी विचारलं.

"धाकली बोलंना. तुमच्याम्होरं कशी बोलंल? हिकडं विहीर हाय, अवो," मुक्ताबाई म्हणाल्या.

मग मामंजींचा आवाज आला, मोठा, पण हळुवार. "सूनबाई, मी कानात बोळं घातल्यात. काय बी ऐकू यायचं न्हाय मला. तू म्हण."

मी डोळे मिटले.

*हाय मी गं हाय...*

पुढचं फुटेना. पण तेवढं पुरलं.

"डाव्या अंगाला हाय ती," मामंजी लगेच म्हणाले, "पार कडंला. पोरी, पाटी टाक आन् खाली बस. बसूनच राहा."

"बोळं घातल्यालं मानूस बरं ऐकतंय," अंधारातून कुशाबाई पुटपुटल्या.

मी पाटी सोडली. वांगी एकेक करून पाण्यात पडत राहिली, किती वेळ कोण जाणे. मी मातीला घट्ट धरून बसले आणि तेच अर्धं चरण म्हणत राहिले. गाडीचा कंदील सोडायची वाट न बघता त्या आवाजाच्या मागानं मुक्ताबाईंची काठी आली. आधी माझ्या गुडघ्याला लागली, मग हातात आली. काठीमागोमाग त्यांचा खरखरीत हात.

त्या रविवारी तिघींनी आपापल्या पाटीतलं ओंजळ-ओंजळ माळवं माझ्या पदरात टाकलं. पुढच्या बाजारापासून गाडी आमच्याजवळ यायच्या आधी लांबूनच मामंजींची आरोळी यायची, "बोळं घातल्यात गं." आणि झुंबरबाईंना हसता हसता पाटी सावरावी लागायची.

मुक्ताबाई गेल्या, त्याला आता किती वर्षं झाली. वाटही रुंद झाली, ती विहीर बुजली. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडले, दिसेनासं झालं, तरी मळ्यात जायचा हट्ट सुटला नाही. मी पुढं, ते मागं, त्यांच्या हातात मुक्ताबाईंची काठी. भर दुपारी त्यांच्यापुरती रात्र.

पहिल्या दिवशी बांधावर मला मागची काठी ऐकू येईना. वळून बघायच्या आधी माझ्या तोंडून आपसूक निघालं,

*मागल्या गं सये, तुझा आवाज दे मला*

आणि सये म्हटल्याची लाज वाटून मी जीभ चावली.

मागं काठी एकदा बांधावर आपटली. मग बैलांना हाकून हाकून बसलेला, सूर नसलेला तो आवाज आला,

*हाय मी गं हाय, चल पुढं सोबतीला.*

मी पुढचं पाऊल टाकलं.