मुक्ताबाईचं कोंदण

“मेल्लगे, मुक्ता, मेल्लगे. हळू. घाई केलीस तर दगड रुसतो.”

बापाचा तो आवाज मुक्ताबाईच्या कानात अठरा वर्षं होता. सिद्धप्पाची नजर गेली, तेव्हा खड्याभोवती सोनं चेपायची सळई त्यानं विधवा होऊन माहेरी आलेल्या लेकीच्या हातात दिली. वर बजावलं, “कुणाला सांगायचं न्हाय. कुंकू पुसलेल्या बाईचा हात लागलेला दागिना लग्नात कोण घालंल?”

पुढं सिद्धप्पा गेला. सराफकट्ट्यावरच्या दुकानात आता भाऊ निंगप्पा गादीवर बसायचा आणि आतल्या दाराआड मुक्ताबाई. कोंदण तिचं, नाव बापाचं. पहाटे जात्यावर ती आपलीच ओवी गायची:

खडा बसविते बाई, सोनियाच्या कोंदणात
माझा जल्म बसविला, माजघराच्या कोनात

त्या दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि मंद्रूपचे आबासाहेब पायरी चढले. रुमाल सोडून त्यांनी अंगठी गादीवर ठेवली. मुक्ताबाईनं ती दाराच्या फटीतून ओळखली. हिरा आबासाहेबांच्या आजीचा. झिजलेलं कोंदण काढून नवं तिनं केलेलं. तिच्या हातचं पहिलं काम. ही अंगठी बोटात असल्याशिवाय त्या घरात नवी सून उंबरा ओलांडत नसे.

“मोड हिला, निंगप्पा,” आबासाहेब म्हणाले. “हिरा मुंबईला धाडतो, नव्या तऱ्हेचे पैलू पाडून आणतो. धाकटी सून पुण्याची. विजेच्या दिव्याखाली धरून मला इचारती, मामंजी, ही काच हाय का?”

“काच आसती तर मामंजींनी तिजोरीत ठेवली आसती व्हय!” निंगप्पा हसला आणि सळई उचलली.

“ठेव ती खाली.”

मुक्ताबाई दारात उभी होती. मोकळ्या कपाळानं, गिऱ्हाइकापुढं.

“अक्का, आत जा.”

“न्हाय जात.” तिनं रस्त्याकडची दारं लोटली, देवापुढचं निरांजन पेटवलं आणि अंगठी ज्योतीजवळ धरली. “बघा, आबासाहेब. ह्यो हिरा विजंसाठी घासलेलाच न्हाय.”

अंधारलेल्या दुकानात दगडाच्या पोटातून जाळ वर आला. पैलू लहानमोठे, एक तर तिरकाच. घासणाऱ्यानं दगडाच्या कलानं घेतलेलं. त्यात बारीक, चंचल चकचक नव्हती. रुंद, सावकाश ठिणगी उठायची, तांबडी, मग निळी, मग क्षणभर नुसता काळोख, आणि पुन्हा तांबडी.

“मुंबईवाला ह्याला सारखा करंल. निम्मा भुगा हुईल, आन् उरलेला चारचौघांसारखा दिसंल.”

आबासाहेब वाकून बघतच राहिले. “आई तुळशीला दिवा लावायची, तवा तिच्या बोटात असाच पेटायचा,” ते हळूच म्हणाले. मग अंगठी त्यांनी रुमालात परत बांधली. “ऱ्हाऊ दे, निंगप्पा. सिद्धप्पाचा हात लागलाय हिला. लई पुण्यवान हात. त्या हातापायी मोडत न्हाय.”

अंगठी वाचली होती. मुक्ताबाईनं गप आत जायचं, एवढंच उरलं होतं. निंगप्पा डोळ्यांनी तेच विनवत होता: दुकान, अक्का, आपलं दुकान.

तिनं निरांजन खाली ठेवलं.

“आबासाहेब, तवा बापाला दिसत नव्हतं. ह्ये कोंदण माझ्या हातचं हाय. कुंकू पुसून म्हयना झालता, तवाचं. त्येच बोटात घालून तुमच्या सुना उंबरा वलांडून आल्या, आन् थोरल्या दोघींचे पाळणे बी हालले. आता मोडायची तर मोडा. पर ठेवायची तर माझ्या नावानं ठेवा.”