मंगळवारचा जन्म, शुक्रवारची नोंद

"मिस, मला एक सांग. ती बाई त्याला लग्नाआधीच खरं का सांगून टाकत नाही?" बसचं दार उघडता उघडता डेसने विचारलं. "दोनशे पानांचा ताप वाचला असता सगळ्यांचा."

मुलं धक्काबुक्की करत उतरत होती. मी म्हणाले, "सांगितलं असतं तर कादंबरी कशी झाली असती, डेस?"

"नसती झाली तर नसती झाली. कुणाचं काय अडलं होतं?"

डेस क्विगली आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. वय सदुसष्ट, शिक्षण चौदाव्या वर्षी संपलेलं. सहा वर्षांपूर्वी मी इथे आधुनिक इतिहास आणि इंग्रजी साहित्य शिकवायला आले, तेव्हा एक गोष्ट लगेच ध्यानात आली. शेतांवरची मुलं रोज तीन तास बसमध्ये घालवतात, घरी गेली की मेंढ्या आणि कुत्र्यांच्या मागे लागतात. पुस्तक हातात घेणार कोण आणि कधी? म्हणून मी धडे रेकॉर्ड करायला लागले. आवाज घुमू नये म्हणून कपाटात, हिवाळी कोटांच्या मधे बसून. सोमवारी इतिहास, बुधवारी कादंबरी, असे माझे पॉडकास्ट निघू लागले. प्रत्येकाकडे इयरफोन कुठले असणार? डेसने ते सरळ बसच्या स्पीकरवर लावले. परिणाम असा झाला की आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरींनाही पहिल्या महायुद्धाची कारणं पाठ आहेत, आणि डेसचा तर सगळा अभ्यासक्रम तीनदा झाला आहे.

"परीक्षेला बसलो ना, तर तुझ्या त्या ढ पोरांपेक्षा बरे मार्क पडतील मला," असं तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं.

एकदा मी त्या बसमधून गेले होते. बाहेर दाट धुकं. कुंपणं नाहीत, धान्याची कोठारं नाहीत, जग पुसून टाकल्यासारखं. वरून माझाच आवाज झिरपत होता आणि तो माझा वाटत नव्हता. मुलं अर्धवट झोपेत डोलत होती. समोरच्या आरशात डेसचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य माझ्या आवाजाच्या आधी तो म्हणत होता. त्या सकाळी मला वाटलं, आपण आयुष्यात एक काम तरी बरं केलं.

यंदा मी बारावीच्या मुलांना म्हटलं, आता तुम्ही पॉडकास्ट करा. आपल्या भागातलं एक माणूस घ्या आणि त्याच्यातून इतिहास सांगा. टॅमसिनने आपल्या आजीचा, लोर्नाचा, थोरला भाऊ घेतला. नोएल. गावातल्या युद्धस्मारकावर व्हिएतनामच्या खाली, तिथे मारल्या गेलेल्यांत, त्याचं नाव आहे. त्या काळी वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखांची सोडत निघायची. लाकडी गोट्यांवर तारखांचे आकडे, गोट्या पिंपात. ज्याची तारीख हाताला लागली तो लष्करात. नोएलची लागली.

पुढचं टॅमसिनने मला सांगितलं. पहिला भाग कसा वाटतो हे बघायला तिने तो बसमध्ये लावला. लोर्नाचा आवाज आला, "नोएल मंगळवारी झाला. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर क्विगलीबाई. त्यांचा डेस पण त्याच दिवशीचा. दोघांत मिळून केक एकच." मग टॅमसिनच्या आवाजात गोट्या आणि पिंप. तेवढ्यात पुढच्या बाकावरची बियांका, वय वर्षं आठ, खणखणीत आवाजात म्हणाली, "मग डेस, तू का नाही गेलास?"

"मला रस्त्याकडे बघू दे," डेस म्हणाला.

त्या दुपारी तो माझ्या खोलीच्या दारात टोपी काढून उभा राहिला. "ती पोरगी आहे ना? तिला बोलव. आणि ते यंत्र चालू करा."

आम्ही खेळाच्या सामानाच्या खोलीत बसलो. भिंतींना घोंगड्या लावून तिथेच मुलं रेकॉर्डिंग करतात. टॅमसिनने माइक पुढे सरकवला. डेसने घसा खाकरला.

"माझा बाप पोर झालं म्हणून गावात धावत येणारा नव्हता. शुक्रवारी मेंढ्यांचा लिलाव असायचा, तेव्हा आला. जाता जाता नोंद केली. कारकुनाने विचारलं, कधीचा जन्म? बाप म्हणाला, लिही आजचाच. घरी सगळे हसले. केक मंगळवारच्याच तारखेला कापायचे, कागदावर मात्र शुक्रवार. विसाव्या वर्षी फॉर्म आला, मी कागदावरचीच तारीख लिहिली. त्यात लबाडी नव्हती. मग दोघांना पत्रं आली. सोडतीत मंगळवारची तारीख निघाली होती, शुक्रवारची नाही. नोएलला बोलावणं, मला सूट."

टॅमसिनने माइक त्याच्या आणखी जवळ सरकवला.

"मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, उद्या जाऊन सांगतो त्यांना. तो म्हणाला, गप रे, येड्या. दोघं गेलो तर पेरणी कोण करणार, माझा म्हातारा? तू इथेच थांब." डेसने टोपी गुडघ्यावर दाबून धरली. "मी थांबलो. त्याने सांगितलं म्हणून नाही. भीती वाटली म्हणून."

"आजीला माहीत आहे?" टॅमसिनने विचारलं.

"तिला मी सांगितलं होतं, एकुलता एक म्हणून सोडलं मला. तिच्या बापाची पेरणी मी मरेपर्यंत केली, त्याच्या मरेपर्यंत. दर रविवारी तिच्याकडे जेवतो. हे ऐकल्यावर ती मला दारात उभं करणार नाही."

मी घाबरले. "डेस, हा भाग काढून टाकता येईल. कुणाला कळणारही नाही."

"आणि पोरगी खोटा इतिहास शिकेल? तुझ्याच शाळेत?" तो उठला. "राहू दे तसंच."

लोर्नाने ते स्वयंपाकघरात बसून दोनदा ऐकलं. मग कुत्र्याला घेऊन कुंपणाकडे गेली. त्या रविवारी डेसला जेवायला बोलावणं गेलं नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. टॅमसिनला ती आता आपल्या गाडीतून शाळेत सोडायची. मी टॅमसिनला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि मला माझीच लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात एक जेवणाचं टेबल होतं, ते मी इतिहासाच्या नावाखाली काढून घेतलं.

मुलं सांगत, डेस लोर्नाच्या शेताच्या फाटकाशी रोज थांबतो. दार उघडतो, एक मिनिट वाट बघतो, दार लावतो, निघतो.

असे तीन आठवडे गेले. मग मे महिन्यातल्या, इथली थंडी सुरू होतानाच्या एका सकाळी बस आलीच नाही. घंटा झाली. पटांगणावर धुकं इतकं, की झेंड्याची काठी वरून अर्धी नाहीशी झाली होती. वीस मिनिटांनी त्या धुक्यातून बस हळूच पुढे आली, शाळेच्या फाटकाशी थांबली, इंजिन बंद झालं. दार उघडेना.

मी हजेरीपट घेऊन जवळ गेले. पहिल्या बाकावर लोर्ना बसली होती, अंगात गोठ्यातला कोट, शेजारी टॅमसिन. डेस सीटवर मागे वळून बसला होता. एक खिडकी उघडी होती.

"मग? नोएल आणि तू पाण्याच्या टाकीत पडल्यावर काय केलंत?" लोर्ना विचारत होती.

"काय करणार? नोएल म्हणाला, चड्ड्या वाळल्याशिवाय घरी जायचं नाही. बसलो शेडच्या पत्र्यावर, दोघं नागडे. तू खालून हाका मारत होतीस."

मुलं खिदळली. लोर्ना हसली नाही.

"हे मला कुणीच सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"मी कशी विचारणार? तू त्याचं नावसुद्धा काढायचा नाहीस, डेस. माझ्या घरी बसून, माझं मटण खाऊन, सत्तेचाळीस वर्षं. मला वाटायचं विसरलास. त्याला ओळखणारं दुसरं कोण उरलंय मला?"

डेसने तोंडावरून हात फिरवला.

"मी तुला माफ केलेलं नाही अजून," लोर्ना म्हणाली. "पुढे सांग."

उपमुख्याध्यापक घाईघाईने माझ्यामागे येऊन उभे राहिले. "ही पोरं खाली का उतरत नाहीत? पहिला तास केव्हाच सुरू झाला."

"हो सर. माझाच तास आहे," मी म्हणाले. "आधुनिक इतिहास."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ते परत गेले. आत डेस पुन्हा बोलायला लागला होता, आधी अडखळत, मग जरा मोकळं. मी बाहेरूनच एकेक चेहरा बघत हजेरी लावत गेले. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.