पिशवी काढण्याआधी

भाद्रपद सरता सरता पाथर्डीकडच्या उन्हाला पिकल्या बाजरीचा वास येतो, आणि त्या वासातून ताराअक्का मला नेहमी पाठमोरी दिसते: कमरेत वाकलेली, कणसे खुडणारी, मानेवर घामाची ओली रेघ वागवणारी. अक्का माझी थोरली बहीण. दिवाळीच्या आगेमागे ती आणि दाजी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. तिचे कष्ट पाहून माझा जीव गलबलतो आणि तिचा हट्ट पाहून डोके फिरते.

यंदा गावातल्या शिबिरात तिच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली. काही पेशी बदललेल्या दिसतात, पुढची तपासणी करून घ्या, असे नर्सताईंनी सांगितले. अक्काने त्याचा अर्थ टोळीतल्या बायका लावतात तसाच लावला. गर्भाशयाला त्या पिशवी म्हणतात. अंगावरून जाऊ लागले, ओटीपोट दुखले, की पिशवी काढून मोकळे व्हायचे, एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक.

"टोळी निघायच्या आत काढून टाकते. लेकरं झाली, आता काय करायची ती पिशवी?"

आवाज निर्धास्त होता, पण बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून तिने पदराच्या टोकाची सुरळी केली होती. घाबरलेल्या अक्काला मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी तिला नगरला नेले. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावले: पेशी बदलल्या म्हणजे कर्करोग झाला असे नाही, आधी दुर्बिणीतून नीट पाहू, इवलासा तुकडा तपासू, मग ठरवू. काही दिवसांनी निकाल आला. बदल सौम्य होता, बहुधा आपोआप निवळणारा. ऑपरेशनची गरज नव्हती. पुढच्या वर्षी टोळी निघण्याआधी पुन्हा तपासायचे, ते मात्र चुकवायचे नाही.

"म्हंजी काढायची न्हाई?" अक्का पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि मग दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मला वाटले, सुटकेचे रडू आहे.

"माझ्या जावेची तर न तपासताच काढली गं," ती म्हणाली. "तवापासनं तिची कंबर सरळ न्हाई."

आता दोघी जावा उसाच्या फडावर आहेत. अक्काची आठवण आली की मन निवांत होते. मग तिच्या शेजारी वाकलेली जाऊ आठवते. थांबून, पाहून, मग ठरवण्याइतका वेळ तिलाही हवा होता, तो तिला कुणी दिला नाही; आणि तिच्या देहातली ती रिकामी जागा आता कुठल्याच काळाला भरून काढता येणार नाही.